कळशीवरच्या दोन टिचक्या

सिस्टर, ११ डिसेंबर १९६५, शनिवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, जुन्नरजवळच्या लेण्यांत, पाण्याच्या टाक्याच्या काठावर, चाळीस मुलींसमोर तुम्ही माझ्यावर अन्याय केलात. वेळ मी अंदाजाने सांगत नाही. सहलीला जाणार म्हणून बाबांनी आदल्या संध्याकाळी त्यांचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं होतं, पट्ट्याला खिळ्याने जास्तीचं भोक पाडून. तुमचं वाक्य संपलं तेव्हा रडू येऊ नये म्हणून कुठेतरी बघायला हवं होतं, आणि माझ्याकडे बघण्यासारखं तेवढंच होतं. तुम्ही गेलात त्यालाही आता तीस वर्षं उलटली. ती बातमी वर्गमैत्रिणीच्या पत्रातून इथे नेदरलँड्सला पोचली, आणि मी पत्राची घडी घालून कामावर गेले. तेव्हा काही लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी माझ्या नातीने तुमचंच वाक्य मला पुन्हा ऐकवलं, तेही डचमध्ये, माझ्याच स्वयंपाकघरात, माझीच शंकरपाळी खात.

आधी त्या शनिवारचं. तुम्ही इतिहास इंग्रजीत शिकवायचात आणि रागवायचात मराठीत, वसईकडच्या तुमच्या मराठीत, त्यामुळे रागावणं जास्त लक्षात राहिलं. सहलीचा तुमचा नियम असा, की आठ मुलींमागे पितळेची एक कळशी. वर लेण्यांत टाकी होती, पण त्यातलं पाणी तुम्ही आम्हाला पिऊ देत नव्हतात. खालच्या विहिरीवर कळशी भरायची आणि पायऱ्या चढून पाळीपाळीने वर न्यायची. आमच्या गटात शेवटचा टप्पा माझ्या वाट्याला आला. घरी पाणी भरायला बाई होत्या, मला कळशी कडेवर धरायची तरी कशी ते ठाऊक नव्हतं. मी वर पोचले तेव्हा कळशी रिकामी होती. तुम्ही ती हातात घेऊन तिरकी केलीत, एक थेंब पडला.

"पाणी कुठाय?"

"गळते, सिस्टर. बुडाला भोक आहे."

तुम्ही कळशी उपडी केलीत, बोटाच्या पेराने बुडावर दोनदा टिचकी मारलीत आणि ती खाली ठेवलीत. बस. याला मी तपासणी म्हणत नाही. कळशी भरून कोरड्या दगडावर ठेवायची, पाच मिनिटं थांबायचं आणि दगड ओला होतो का बघायचं, याला तपासणी म्हणतात. शेजारी टाकं तुडुंब भरलेलं होतं आणि मोजून दोन पावलांवर कोरडा दगड होता. तुम्ही यातलं काही केलं नाहीत. टाक्यावरच्या कोरलेल्या अक्षरांकडे बोट दाखवून म्हणालात, "दोन हजार वर्षांपूर्वी एक परका माणूस माझ्या गावाकडच्या बंदरात उतरला, घाट चढून इथवर आला आणि वाटसरूंसाठी दोन टाकी खोदवून गेला. आणि तुला एक कळशी वर आणवत नाही. तू कुठेही गेलीस ना, तरी पाहुणीच राहशील."

अकरावीपर्यंत माझं नाव पाहुणी पडलं. डबा उघडला की, "अगं, पाहुण्यांना आधी वाढा." बाकावर बसायला गेले की, "या, या, सतरंजी टाकू का?" एकीने तर माझ्या वहीवर मुक्काम पोस्ट धर्मशाळा असं लिहिलं होतं. आणि मॅट्रिकच्या निरोपाच्या दिवशी तुम्ही प्रत्येकीला काहीतरी दिलंत, कुणाला जपमाळ, कुणाला फाउंटन पेन. मला दिलात प्रवासात नेतात तो घडीचा ॲल्युमिनियमचा पेला, कडेला पोचे आलेला, वापरलेला. "घे. पाहुणीला लागतो," म्हणालात आणि हसलात. मी हसले नाही. पेला मात्र ठेवून घेतला. फुकट आलेली वस्तू टाकून देणारं आमचं घर नव्हतं.

आता इथलं सांगते, म्हणजे नातीच्या तोंडी तुमचं वाक्य कसं आलं ते कळेल. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ह्यांना वाखनिंगनच्या विद्यापीठात बटाट्याच्या रोगांवर संशोधन करायचं काम मिळालं आणि मी त्यांच्यामागून, मुलाला घेऊन, व्हिसावर 'अवलंबून' असा शिक्का घेऊन आले. रसायनशास्त्राची पदवी असलेली बाई अवलंबून. चार वर्षं भाषा शिकले, मग रॉटरडॅमला पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले आणि अठ्ठावीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. राहायला आम्ही केव्हाच हेगच्या कुशीतल्या फोरबर्गला आलो होतो. माझं काम सोपं आणि कंटाळवाणं होतं आणि मला ते फार आवडायचं. इस्पितळात, शाळेत, कुणाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जायचं, जंतू मरावेत म्हणून नळाचं तोंड ज्योतीने भाजायचं, पाणी वाहू द्यायचं, बाटली भरायची आणि लेबलावर वेळ लिहायची, मिनिटासकट. सुमारे अकरा असं कुणी लिहिलं तर मी तो नमुना परत पाठवायची. प्रयोगशाळेतली माझ्या हाताखालची मुलं माझ्या पाठीमागे मला काय म्हणायची ते मला माहीत आहे. निवृत्तीच्या समारंभात आमच्या साहेबाने फुलं दिली आणि प्रेमाने विचारलं, "मग आता घरी परत जाणार ना?" म्हटलं, हो तर, सव्वापाचच्या मेट्रोने.

हे गाव तुम्हाला आवडलं असतं, सिस्टर. आमच्या रस्त्यापासून दहा मिनिटांवर, बंगल्यांच्या आणि एका बागेच्या खाली, रोमन लोकांचं गाव पुरलेलं आहे. वर लोक कुत्री फिरवतात. त्यांच्याही आधी इथे एक टोळी होती, ऱ्हाइन नदीच्या वरच्या अंगाने खाली येऊन या चिखलात स्थिरावलेली. त्यांच्या नावाचा अर्थ काही जाणकार पातीच्या कांद्याचे धनी असा लावतात, आणि ज्यांची ओळख कांद्यावरून पटते त्यांच्याविषयी मला आपलेपणा वाटणारच. मग रोमन आले. त्यांच्या सैनिकांनी दोन मोठ्या नद्यांना जोडणारा कालवा खणला, म्हणजे समुद्रात न जाता माल आतूनच नेता यावा. पुढे ते गेले, गाव ओस पडलं, उत्तरेकडून आणखी कुणी आले, पूर्वेकडून कुणी. नद्यांची तोंडं जिथे समुद्राला मिळतात तिथून सगळ्यांनाच जावं लागतं, आपल्या नाणेघाटातून जावं लागायचं तसं. घाटाच्या तोंडाशी जकातीचा तो दगडी रांजण दाखवून तुम्ही विचारलं होतंत, "या वाटेने कोण नाही आलं, सांगा बघू?" आम्ही सातवाहन, शक, यवन असे ओरडत सुटलो होतो, आणि तुम्ही म्हणालात, "कोण आलं ते नाही विचारलं. कोण नाही आलं ते विचारलं."

तुम्ही राजांच्या सनावळ्या कधी पाठ करून घेतल्या नाहीत. कुठल्याही लोकांविषयी तुमचे तीन प्रश्न असायचे. आले कुठून, पाणी कुठलं प्यायले, मागे काय ठेवलं. या तीन प्रश्नांनीच गेल्या रविवारी माझा घात केला. नात नऊ वर्षांची आहे. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र डच. तिला शाळेत वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलायचं आहे, येत्या गुरुवारी, आणि तिने विषय घेतला 'आमच्या गावात आधी कोण राहायचं'. मी मोठ्या दिमाखात तिला तुमचे तीन प्रश्न शिकवले. तिने पुठ्ठ्याचे तुकडे कापले, एकेका तुकड्यावर एकेक लोक, खाली तिन्ही उत्तरं. मग एका मोठ्या कागदावर मधोमध रेघ मारून तिने स्वतःच्या डोक्याने दोन रकाने केले. डावीकडे राहिले, उजवीकडे येऊन गेले. कांदेवाले डावीकडे. रोमनांवर बराच विचार करून उजवीकडे. आणि सगळ्यात शेवटी तिने एक तुकडा काढला, त्यावर लिहिलं होतं आजी, आणि तो तिने रोमनांच्या खाली ठेवला.

"मी इकडे का?" मी विचारलं.

"कारण तू सारखं म्हणतेस, आपल्याकडे असं नसतं," ती म्हणाली. 'आपल्याकडे' एवढा शब्द मराठीत, बाकी डच. "आणि तुझी बॅग कपाटावर आहे. ज्यांना जायचं नसतं ते बॅग पोटमाळ्यावर ठेवतात. तू पाहुणी आहेस."

"त्या बॅगेत गोधड्या आहेत."

"कशासाठी?"

"पाहुण्यांसाठी," मी म्हटलं, आणि आमचे हे पेपरमागे इतके हसले की पेपर हलला.

मी रागावले. नऊ वर्षांच्या मुलीवर नाही, तुमच्यावर. तुकडा उचलून मी तिला सांगितलं की हे चूक आहे. ती तुमच्यासारखीच आहे, दबत नाही. म्हणाली, "मग तूच ठरव. तुकडा तुझ्याकडे ठेव, तूच चिकटव. पण मला पुढच्या आठवड्यात गुरुवारी सगळ्यांना सांगायचंय, म्हणून खरं असलं पाहिजे." दुपारी आम्ही फ्लीटच्या काठाने चालायला गेलो. फ्लीट म्हणजे आमच्या गावातून जाणारा आताचा कालवा, रोमनांचा जुना जवळूनच जायचा. मी तिला जुन्नरच्या त्या परक्या माणसाची, यवनाची म्हणजे ग्रीकाची, गोष्ट सांगितली, टाक्यांची, कळशीची आणि तुमचीही. ती मधे मधे थांबवत होती.

"तो परत गेला का, त्याच्या घरी?"

"माहीत नाही. पण टाक्यावर जे कोरून घेतलंय ते तिथल्या भाषेत, तिथल्या अक्षरांत. ग्रीकमध्ये नाही."

"तू पण डचमध्ये लिहितेस," ती म्हणाली. "चुका असतात, पण लिहितेस. तू काय खणलंस?"

"मी काही खणलं नाही. मी पाणी तपासलं."

"कुणाचं?"

मी पलीकडच्या घरांच्या रांगेकडे हात केला. त्यातल्या दोन घरांत मी खरंच आत जाऊन नळाखाली बाटली धरलेली आहे. तिने त्या घरांकडे बघितलं, एका खिडकीत मांजर होतं, त्याच्याकडे जरा जास्त बघितलं. "पण ते कुठे कोरलंय?" तिने विचारलं. कुठेच नाही. लेबलं अहवालानंतर फेकून देतात. मी तसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हं," आणि थोडं पुढे गेल्यावर, "आजी, ती कळशी खरंच गळत होती?"

"हो," मी म्हटलं.

आठवडाभर तो पुठ्ठ्याचा तुकडा फ्रिजवर चुंबकाखाली होता. दूध काढायला गेलं की दिसायचा. ह्यांनी काल सकाळपर्यंत सहन केलं, मग म्हणाले, "अगं, डावीकडे चिकटव आणि मोकळी हो. साठ वर्षं एका कळशीवर बसली आहेस."

"कळशीवर नाही. अन्यायावर."

"बरं, अन्यायावर. ऊठ आता, कुंड्या आणायला जायचंय."

काल आम्ही कुंड्या आणायला गेलो. ह्यांची एक सवय आहे, चाळीस वर्षं मी त्यापायी दुकानादुकानांत खाली मान घालून उभी राहिले आहे. मातीची वस्तू घेताना हे ती कानाशी धरून टिचकी मारतात, पुण्यात त्यांची आई माठ घेताना मारायची तशी. काल त्या भल्यामोठ्या दुकानात रांगेने कुंड्या वाजवत चालले होते आणि दुकानातली मुलगी काही बोलावं की नाही या विचारात मागे मागे येत होती. एक कुंडी बद्द वाजली. वरून चांगली दिसत होती. हे तिला म्हणाले, "हिला चीर आहे." तिने वळवून बघितलं, आतून केसाएवढी चीर होती. ती चकित झाली. "तुम्हाला कसं कळलं?" ह्यांनी शेजारची कुंडी वाजवली, ती खणखणीत वाजली. "कान असला की कळतं. पाणी कशाला भरून बघायला हवं?"

मी तिथेच खताच्या पोत्यांवर बसले. हे घाबरले, म्हणाले, चक्कर आली का. चक्कर नाही. माझ्या कानात ती कळशी वाजत होती. तुमच्या दोन टिचक्या, आणि त्यांचा आवाज. साठ वर्षं मी तुमचं वाक्य शब्दशः पाठ ठेवलं, घड्याळातली मिनिटंही पाठ ठेवली, आणि तो आवाज तेवढा सोयीस्करपणे विसरले होते. देवळातल्या घंटेसारखी वाजली होती, सिस्टर, लेण्याच्या छतापर्यंत.

कळशीला भोक नव्हतं. ती जड होती. माझ्या कमरेला तिची कड रुतत होती, फ्रॉक भिजला होता आणि पुढच्या मुली वळणाआड गेल्या होत्या. तिसऱ्या वळणावर निवडुंग होता. मी पाणी त्याच्या बुडाशी ओतलं, एकदम नाही, बारीक धारेने, आवाज होऊ नये म्हणून. बराच वेळ लागला. मग हलकी कळशी घेऊन धावत वर आले. दुपारी आमच्या गटाला पाणी मिळालं ते तुमच्यासाठी आणलेल्या तांब्यातलं. तुम्ही संध्याकाळी एसटीत बसेपर्यंत काही प्यायला नाहीत. तुमचे ओठ मी बघितले होते. तेही मी कुणाला सांगितलं नाही, ना ह्यांना, ना मुलाला, आणि रविवारी नातीने सरळ विचारलं तेव्हा बहात्तराव्या वर्षी पुन्हा तेच खोटं बोलले.

काल रात्रभर मी छान झोपले, हे खास सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की पश्चात्तापाने तळमळले. सकाळी उठून चहा करताना मला वाटलं ते असं. तुम्ही कळशी भरून दगडावर ठेवली असतीत तर पाच मिनिटांत चाळीस मुलींसमोर मी खोटारडी ठरले असते, आणि मुलींनी नाव ठेवलं असतं ते तेच. दगड कोरडा होता, टाकं भरलेलं होतं, तुमच्याकडे वेळ होता. तुम्ही तपासणी केली नाहीत. दोन टिचक्या मारल्यात, कळशी खाली ठेवलीत आणि मला रागवायला दुसरं काहीतरी शोधलंत, टाक्यावरचा तो यवन समोर होता, तो घेतलात. हे माझं अनुमान आहे. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये हे मी अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवलं, म्हणून मी तो काढत नाही, तुम्हाला विचारते. शिवाय तो पेला. त्याच्या बुडावर पिनने टोचून वसईतल्या एका गावाचं नाव लिहिलेलं आहे, ते मी आज चष्मा लावून पहिल्यांदा वाचलं. तो तुमचा होता. तुम्ही घर सोडून कॉन्व्हेंटमध्ये आलात तेव्हा सोबत आणलेला असणार. नात इथे आली की त्याच पेल्यातून पाणी पिते, घडी उघडताना कटकट आवाज होतो तो तिला आवडतो. थोडा गळतो. हा खरंच गळतो.

तरीही वाक्य तुम्ही बोललात आणि त्याचा त्रास मी काढला, त्याबद्दलची माझी तक्रार मी मागे घेत नाही. अर्धी घेते. आज दुपारी ह्यांनी शिडी लावून बॅग खाली काढली आणि गोधड्यांसकट पोटमाळ्यावर नेऊन ठेवली. मी नको म्हटलं नाही, फक्त शिडी धरली. तुम्ही चॅपलच्या मागच्या दफनभूमीत आहात, फाटकावरचा पत्ता मला पाठ आहे, पण तिकडे पोस्टमन जात नाही, तेव्हा हे पत्र पेल्याखाली घडी करून ठेवते. पुठ्ठ्याचा तुकडा मी फ्रिजवरून काढून कागदावर आणला आहे, डावीकडे, कांदेवाल्यांच्या शेजारी. तिन्ही उत्तरं मीच लिहिली आहेत. आले पुण्याहून, पाणी प्यायले इथल्या नळाचं, आणि मागे काय ठेवलं त्यापुढे लिहिलंय, गेल्याशिवाय कसं सांगू. अजून चिकटवलेला नाही. चिकटवण्याआधी मला नातीला कळशीचं खरं सांगावं लागेल, आणि त्याआधी मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. टिचकी मारलीत तेव्हा तुम्हाला कळलं होतं, की नव्हतं? हो किंवा नाही. लेखी कळवा, बुधवारी संध्याकाळी पाच वाजायच्या आत. पाचला ती पोहण्याच्या शिकवणीहून येते, गोंद घेऊन.